व्हायरसचा तक्ता पाठ होत नाही म्हणून मायक्रो सोडू का?

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढच्या एका गावातून पत्र आलंय. मुलगी दहावीपर्यंत मराठी मिडियमची, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स केलं, नीटला सीट लागली नाही म्हणून बेळगावात बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं, आता चौथं सेम चालू आहे. लिहिते, "सर, व्हायरसचं क्लासिफिकेशन पाठ करते आणि दोन दिवसांत सगळं विसरते. इंटर्नलला वीसपैकी आठ पडले. बाबा म्हणतात शेवटी लॅबमध्येच बसायचं तर सरळ डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करायचं होतं. आई म्हणते रोगाच्या एवढ्या जवळ जायचंच कशाला. मला व्हायरॉलॉजीत जायचं होतं, आता वाटतंय हे माझं काम नव्हे. सोडू का?" धाकटा भाऊ सेकंड पीयूसीला आहे, त्याला नीट द्यायचीय, त्याच्याबद्दलही शेवटी दोन ओळी आहेत.

बघ, सोडायचं असेल तर सोड, पण या कारणासाठी नको. आठ मार्क पडले ते तुला व्हायरस कळत नाहीत म्हणून पडलेत असं मला वाटत नाही, तुझ्या नोट्समध्ये तीन वेगवेगळ्या याद्या एकातएक मिसळल्यात आणि तू त्या एकाच यादीसारख्या पाठ करायला बसलीस, मग काय होणार. तू फोटो पाठवलास त्या पानावर वर बाल्टिमोरचे सात ग्रुप, त्याच्याखाली फॅमिलींची नावं, आणि त्याच पानावर मध्येच 'आर्बोव्हायरस' आणि 'हिपॅटायटिस व्हायरस' असले मथळे. गावातल्या माणसांची यादी कुणी आडनावावरून करेल, कुणी गल्लीवरून, कुणी धंद्यावरून, माणसं तीच पण तिन्ही याद्या एका कागदावर काढल्यास तर तुलाच कळायचं नाही कोण कुठला. आर्बो म्हणजे डास, गोचीड असल्यांतून येणारे सगळे, घराणं कुठलंही असो. हिपॅटायटिसवाले म्हणजे लिव्हरवर बसणारे सगळे. फॅमिली म्हणजे खरं घराणं, ती नावं आयसीटीव्ही नावाची आंतरराष्ट्रीय कमिटी ठरवते. आणि बाल्टिमोर एवढंच विचारतो की या व्हायरसचा जीनोम, म्हणजे जनुकांचा साठा, कसला आहे, डीएनए का आरएनए, एक धागा का दोन, आणि त्यातून एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप, कसा बनतो. डेव्हिड बाल्टिमोरनं १९७१ मध्ये ही मांडणी केली, नोबेल त्याला १९७५ मध्ये मिळालं ते रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या, म्हणजे आरएनएवरून डीएनए करणाऱ्या एन्झाइमच्या शोधासाठी, दोन्ही एकमेकांत घालू नको, व्हायवाला, तोंडी परीक्षेला, हमखास विचारतात.

आता कावीळ घे. एकही नाव पाठ न करता. हिपॅटायटिस ए ते ई पाच व्हायरस, लिव्हर एकच, आणि पाचही वेगवेगळ्या घरांतले. ए हा पिकॉर्ना, म्हणजे पोलिओच्या घरातला. सी हा फ्लॅवी, डेंगूच्या घरातला, पण डासातून नव्हे, रक्तातून जाणारा. ई हा हेपे, पावसाळ्यात पाणी खराब झालं की गावंच्या गावं पिवळी पडतात त्यात बऱ्याचदा हाच असतो, आणि गरोदर बाईला झाला तर जिवावर बेततं. डी बिचाऱ्याला स्वतःचं कव्हरसुद्धा नाही, तो बी कडून उसनं घेतो, म्हणून बी ची लस घेतलेल्याला डी सुद्धा होत नाही. आणि बी हा पाचांत एकटाच डीएनएवाला, पण त्यातही गंमत अशी की तो कॉपी काढताना आरएनएवरून परत डीएनए करतो, एचआयव्हीसारखा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन करून. म्हणूनच टेनोफोविर ही एचआयव्हीची गोळी हिपॅटायटिस बी लाही चालते. सी ला चालत नाही, कारण सी मध्ये ते एन्झाइमच नाही, त्याची औषधं वेगळी, सोफोसबुविर वगैरे, आणि तीन महिन्यांच्या कोर्समध्ये सी बहुतेक वेळा पूर्ण जातो, बी मात्र दाबून ठेवता येतो, मुळासकट काढणं अजून जमत नाही. एवढं सगळं तू ग्रुप सहा, ग्रुप सात म्हणून घोकत बसलेलीस. तक्ता परीक्षेसाठी काढलेला नाही गे, कुठल्या आजाराला कुठली टेस्ट, कुठलं औषध आणि कुठली लस चालेल ते कळावं म्हणून काढलाय.

तुमच्याकडचंच अजून एक. २०२२ ला लंपी आला होता, गाईबैलांच्या अंगावर गाठी यायच्या, तुमच्या गोठ्यात आला नसला तरी आजूबाजूला बघितला असशीलच. तेव्हा जनावरांना लस कुठली दिली? शेळ्यांच्या देवीची, गोट पॉक्सची. का चालली? कारण लंपीचा व्हायरस आणि शेळीच्या देवीचा व्हायरस एकाच जीनसमधले, दोघंही कॅप्रीपॉक्स, एकाविरुद्ध तयार झालेली इम्युनिटी दुसऱ्याला ओळखते. माणसाच्या देवीचंही तसंच, लस देवीच्या व्हायरसची नव्हतीच, व्हॅक्सिनिया नावाच्या त्याच घरातल्या दुसऱ्या व्हायरसची होती, वासरांच्या कातडीवर वाढवून काढायचे. बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर आज लोक सकाळी चालायला जातात, तिथं एका काळी हीच देवीची लस बनत होती. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा, १९८० ला डब्ल्यूएचओनं जगातूनच गेली म्हणून जाहीर केलं. आणि कांजिण्या मात्र या घरातल्या नव्हेत हां, त्या हर्पिसच्या घरातल्या, लहानपणी कांजिण्या करून गेलेला तोच व्हायरस नसांत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण म्हणून बाहेर येतो. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी पॉक्सच्या खाली कांजिण्या लिहिल्या असणार, पैज लावतो.

आता ताप. तू लिहिलंयस की बाबा काजूच्या सीझनला गोव्याकडं जातात. मग केएफडी, आपला माकडताप, हा तुझ्यासाठी पुस्तकातला आजार नव्हेच. १९५७ ला शिमोग्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांनाही ताप यायला लागला तेव्हा तो सापडला. २०१५ ला गोव्यातल्या सत्तरीत आला, २०१६ ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, म्हणजे तुमच्या घाटाच्या खाली दोन्हीकडं. गोचिडीतून येतो, काजूचा सीझन आणि त्याचा सीझन जवळजवळ एकच. घराणं फ्लॅवी, म्हणजे डेंगूचा भाऊच. आता समज एक माणूस ताप घेऊन आला, अंग दुखतंय, प्लेटलेट खाली. डेंगू असेल, चिकनगुनिया असेल, माकडताप असेल, लेप्टोही असेल (लेप्टो व्हायरस नव्हे, बॅक्टेरिया, हे लिहिलं नाहीस तर मार्क गेले). डेंगू आणि चिकनगुनियाचा डास एकच, एडिस, पण घराणी वेगळी, चिकनगुनिया टोगावाला. म्हणून डेंगू-चिकनगुनियाच्या टेस्ट एकमेकांत तेवढ्या गोंधळत नाहीत, पण डेंगू आणि माकडताप एकाच घरातले असल्यानं अँटिबॉडीची टेस्ट फसू शकते, तिथं मग आरटी-पीसीआर लागतं. आणि ते आरटी कशाला तेही तुला आता सांगता यायला पाहिजे, जीनोम आरएनए आहे, पीसीआरला डीएनए लागतो, म्हणून आधी आरएनएचा डीएनए करून घ्यायचा. त्यातही ताप कितव्या दिवसाचा हे विचारल्याशिवाय सॅम्पलला हात लावू नये, पहिल्या चार-पाच दिवसांत डेंगूला एनएस-१ (व्हायरसचं प्रोटीन शोधणारी टेस्ट), त्याच्यापुढं आयजीएम (अँटिबॉडीची टेस्ट), उशिरा आलेल्याचं एनएस-१ निगेटिव्ह आलं म्हणून डेंगू नाही असं नव्हे.

अभ्यास असा कर. तक्ता बाजूला ठेव. वहीत एका पानाला एक आजार, आधी तुमच्या भागातले, गोवर, गालगुंड, कुत्रं चावल्यावरचा रेबीज, वर सांगितलेले सगळे. प्रत्येकाला पाच प्रश्न, जीनोम कसला, एन्व्हलप (बाहेरचं चरबीचं आवरण) आहे का, कुठून शिरतो, टेस्ट कुठली, लस का औषध. एन्व्हलपचा प्रश्न पोरं सोडून देतात आणि तोच सगळ्यात कामाचा, एन्व्हलप असला तर साबण-सॅनिटायझरनं लगेच फुटतो, नसला तर, पोलिओ, नोरो, हिपॅटायटिस ए असले, तर सॅनिटायझरवर विसंबायचं नाही, हात धुवायलाच पाहिजेत. वीस-पंचवीस पानं झाली की तक्ता उघड, तो तुझा तुलाच भरता येतोय का बघ. फॅमिलीचं स्पेलिंग मात्र घोकायलाच लागेल, त्याला इलाज नाही.

हे करून कंटाळा आला तर मात्र मी वेगळं सांगेन. महिनाभर वही करून बघ. टेस्ट का फसते, लस का चालली असल्या प्रश्नांत तुझं डोकं आपोआप जायला लागलं तर व्हायरॉलॉजी तुझं काम आहे. आणि 'नको हे, मला मशीन चालवायला, सॅम्पल नीट लावायला आवडतं' असं वाटलं तर मग बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, लॅब टेक्नॉलॉजीचा कोर्स कमी प्रतीचा असं डोक्यात ठेवू नको, हाताला लवकर काम मिळतं आणि तालुक्याच्या गावातही मिळतं.

पुढं जायचं असेल तर नुसत्या बीएस्सीवर काही नाही, एमएस्सी पाहिजेच. केएफडीचा व्हायरस ज्यांनी शोधला ते पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, १९५२ चं, १९७८ पासून त्यालाच एनआयव्ही, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी, म्हणतात, तिथं पुणे विद्यापीठाची एमएस्सी व्हायरॉलॉजी आहे. जागा कमी, जाहिरात वेबसाइटवर येते, तूच बघत राहायचं, कोण फोन करून सांगणार नाही. तिरुपतीला श्री वेंकटेश्वर विद्यापीठात व्हायरॉलॉजीचा डिपार्टमेंट आहे. मणिपाललाही संस्था आहे पण फी विचारूनच पाऊल टाक. हे नाही झालं तर धारवाड, कोल्हापूर किंवा गोवा विद्यापीठातून एमएस्सी मायक्रो करून पीएचडीला व्हायरसकडं वळणारे भरपूर आहेत, तोही सरळच रस्ता आहे. नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची परीक्षा निघाली तर महिना ३७ हजार फेलोशिप आणि वर घरभाडं, घरातून पैसे मागायला लागत नाहीत, बाबांना हे आधी सांग.

आणि एक गोष्ट आत्ताच साफ करून घे, एमएस्सी करून तू डॉक्टर होत नाहीस. हॉस्पिटलच्या रिपोर्टवर सही सहसा एमडी झालेल्या डॉक्टरची असते, टेस्ट लावणं, ती बरोबर आली का बघणं, नवीन टेस्ट बसवणं हे काम तुझं. सरकारी मेडिकल कॉलेजांत आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, व्हायरल लॅबचं नेटवर्क आहे, तिथं टेक्निशियनपासून सायंटिस्टपर्यंत पोस्टा निघतात, पण बऱ्याचशा काँट्रॅक्टच्या, हे गोड करून सांगत नाही. लस कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला मायक्रोवाले लागतात. बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची संस्था आहे, कोविडला तिथं टेस्टिंग चालू होतं, सुट्टीत प्रोजेक्टसाठी विचारायला काय जातंय, एचओडींचं पत्र घेऊन जा. आणि कर्नाटक सरकारच्या आरोग्य खात्यातली पोस्ट मनात असेल तर कन्नड लिहायला-वाचायला शीक, वाद त्याच्या जागी राहू दे, परीक्षेत पेपर असतो तो असतोच.

आईला सांग, सगळ्यात धोकादायक व्हायरस उघड्या टेबलावर कोण ठेवत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या बंदोबस्ताच्या लॅब असतात आणि नवीन पोरांना तिथं सोडतही नाहीत. रोजच्या लॅबमध्ये खरी भीती सुई टोचायची, आणि त्यातून हिपॅटायटिस बी व्हायची. त्याला लस आहे, तीन डोस, पहिला झाला की एका महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. तू अजून घेतली नसशील तर या महिन्यातच सुरू कर, डीएमएलटी करणार असलीस तरीही.

भावाचं. महाराष्ट्राच्या मेडिकल ॲडमिशनच्या माहितीपुस्तिकेत एमकेबी म्हणून सीमाभागासाठी जागा असतात, वादातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी. जागा मोजक्या आहेत, पण पुष्कळ पोरं अर्जच करत नाहीत कारण दाखले वेळेत निघत नाहीत. तुमचं गाव यादीत आहे का ते आधी बघा आणि दाखल्यांच्या मागं आत्तापासून लागा, रिझल्ट लागल्यावर नव्हे.

महिन्यानं वहीतल्या कुठल्याही दोन पानांचे फोटो आणि चौथ्या सेमचे मार्क पाठव. मार्क कमी आले म्हणून फोटो पाठवायचे थांबू नको, मला पानंच बघायचीत.