अंबडला अप्रेंटिस लागतोयस ना, मग आधी हे बघ
भाऊ, आयटीआय झालं, अंबडच्या कंपनीने बोलावलं, भारीच, पण जॉईन व्हायच्या आधी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुझं कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर करणार का ते एचआरला स्पष्ट विचार, तोंडी बोलण्यावर जाऊ नको. ते झालं तरच केंद्राच्या योजनेतला सरकारचा वाटा, ठरलेल्या स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त महिन्याला १,५०० रुपये, थेट तुझ्या खात्यात येतो, बाकीचं कंपनी देते. खातं आधारशी लिंक आहे का हे आजच बँकेत बघून ये, पैसे इथंच अडकतात. आणि ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला लाजायचं नाही, हा तुझा हक्कच आहे. शेवटची परीक्षा मात्र चुकवू नको, सर्टिफिकेट त्यावरच मिळतं.