आधी जीआरई की आयईएलटीएस?

प्रश्न : रत्नागिरीत मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची. परदेशात एमएससाठी आधी कुठली परीक्षा देऊ? इंग्रजी बोलायची धास्ती वाटते.
– एक वाचक मुलगी

उत्तर : विद्यापीठाला जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, हवी का, ते आधी बघ, बरीच ठिकाणं मागतच नाहीत. हवी असेल तर तीच उरक. तिचे गुण 5 वर्षं चालतात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे फक्त 2. आणि बोलायची धास्ती कसली गो? आयईएलटीएसचा बोलण्याचा भाग सगळा मिळून 11 ते 14 मिनिटं, त्यात एका विषयावर सलग 1 ते 2 मिनिटं. मिरकरवाड्याच्या मासळी लिलावावर बोल, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. साहेबी उच्चारांच्या क्लासवर पैसे घालू नकोस. स्पष्ट बोललीस की झालं. खरी गोची ऐकण्याच्या भागात, ध्वनिफीत एकदाच वाजते. पासपोर्ट मात्र आत्ताच काढ.