लाकूड महाग झालंय, खव्याच्या भट्टीत नफा उरत नाही. फर्स्ट प्रिन्सिपल्सने काही होईल का?

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमजवळची भट्टी, रोज १०० लिटर गाईचं दूध, आणि स्वस्त लाकडाचा व्यापारी शोधताय, असं तुम्ही लिहिलंय. व्यापारी नंतर शोधा. शेजारच्या भट्टीवर किती लाकूड लागतं तेही सोडा. आधी वजनं मांडा. फर्स्ट प्रिन्सिपल्स म्हणजे हेच: दुसऱ्याचं बघून न ठरवता मुळापासून हिशोब करणं.

१०० लिटर दूध ढोबळमानाने १०० किलो धरा. त्यात घन पदार्थ साधारण १२.५ किलो. खव्यात ते ६५ टक्के धरले तर खवा १९ किलो निघतो आणि ८१ किलो पाणी उडवावं लागतं. दूध उकळीला आणायला सुमारे २९ मेगाज्यूल (उष्णता मोजायचं एकक) लागतात, पाणी उडवायला १८३. वाळलेलं लाकूड किलोमागे १५ मेगाज्यूल देतं, म्हणजे १४ किलोत काम व्हायला हवं. उघड्या कढईत याच्या खाली जाता येत नाही.

आता आठवडाभर रोज जळणारं लाकूड तोला. ७० किलो भरलं, तर पाचातला एकच हिस्सा दुधाला मिळतोय. बाकीचा कढईच्या कडेच्या फटीतून आणि धुराड्यातून जातो. ओल्या लाकडाचं तर स्वतःचंच पाणी आधी उडवावं लागतं. फट मातीने लिंपा, खाली जाळी बसवा, लाकूड फोडून वाळवा. ७० चं ५० झालं आणि लाकडाचा भाव किलोला ६ रुपये धरला, तर दिवसाला १२० रुपये वाचतील.

पण माझ्या मते खरी गळती दुधात आहे. घन पदार्थ १२.५ ऐवजी ११.५ टक्के आले की खवा दीड किलोने घटतो. खव्याचा भाव किलोला २२० रुपये धरला तर ३३० रुपये गेले! लाकडाच्या बचतीच्या अडीचपटीहून जास्त. त्यामुळे दूध लिटरवर घेऊ नका, डेअरीसारखं फॅट-एसएनएफवर (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) घ्या. नुसत्या लॅक्टोमीटरवर (दुधाची घनता दाखवणारी नळी) विसंबू नका: साय काढून पाणी घातलेलं दूध त्यावर बरोबर दिसतं.

हे आकडे पाहून खवा ओलसर ठेवून वजन वाढवायचा मोह होतो. तसं करू नका, ओल्या खव्याला लवकर बुरशी येते. नियमाने घन पदार्थ किमान ५५ टक्के आणि कोरड्या वजनात फॅट किमान ३० टक्के लागतं. ३.५ टक्के फॅट, ८.५ टक्के एसएनएफच्या दुधाचा खवा २९ टक्क्यांवरच अडतो, म्हणून खरेदीला फॅट ३.८ टक्क्यांच्या खाली घेऊ नका.