कारखाने गरीब देशांत हलवल्याने त्या देशांचा खरंच विकास होतो का?

होतो, पण नुसती शेड उभी राहिल्याने नाही. तिथल्या माणसांच्या हाती कसब किती उतरतं, त्यावर सगळं आहे.

बांगलादेश बघा. दक्षिण कोरियाच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी कोटा, म्हणजे किती माल घ्यायचा याची मर्यादा, लावला होता, बांगलादेशावर नव्हता. म्हणून कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशातल्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीशी करार केला आणि 1979 मध्ये तिथले सुमारे 130 जण कोरियात शिकून आले. पुढे त्यांतल्या बहुतेकांनी नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढले, नाहीतर दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज देशाच्या निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. लाखो बायकांच्या हातात स्वतःचा पगार आला, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

किंमतही तशीच मोजली. 24 एप्रिल 2013 ला कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली. भेगा आदल्याच दिवशी दिसल्या होत्या. तरी कामगारांना आत पाठवलं, कारण माल वेळेत जायला हवा होता.

आणि कसब उतरलंच नाही तर? माझी मावशी मुंबईत अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या औद्योगिक क्षेत्रात, एका परदेशी कंपनीत जुळणीच्या कामावर होती. बारा वर्षं एकच सुटा भाग बसवत राहिली, अख्खं यंत्र कसं बनतं ते कुणी शिकवलं नाही. काम दुसऱ्या देशात गेलं, युनिट बंद पडलं. मग तिने जोगेश्वरीत पोळीभाजी केंद्र काढलं.