बाल्कनीत फुलझाडं टिकत नाहीत, सुरुवात कोणत्या झाडापासून करू?

घोडबंदर रोडला सातवा मजला, पूर्वेची बाल्कनी, नर्सरीतून आणलेला गुलाब महिन्याभरात गेला, मोगऱ्याला नुसती पानं, आणि पाणी मात्र रोज न चुकता, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं ‘रोज न चुकता’ हेच बहुधा मूळ दुखणं आहे. पण आधी उन्हाचं बघू.

सुट्टीच्या दिवशी कठड्यावर थेट ऊन कधी येतं, कधी जातं, ते लिहून ठेवा. पूर्वेला साधारण ३ ते ४ तास मिळतं, समोर टॉवर असेल तर त्याहून कमी. मोगरा आणि गुलाब ५-६ तासांशिवाय नीट फुलत नाहीत. (दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा: ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात उन्हाने भरलेली बाल्कनी तेव्हा सावलीत जाते आणि लोक खताला दोष देतात.)

तुमच्या उन्हात सदाफुली, तगर आणि पावसाळ्यात तेरडा घ्या. गावठी लाल जास्वंदही जमेल, फुलं थोडी कमी येतील. सदाफुलीला ८ इंची कुंडी पुरते, जास्वंद-तगरीला पुढे १२ इंची लागते. पुढे म्हणजे पुढेच. इवल्या रोपाला पहिल्याच दिवशी मोठी कुंडी दिली, की मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि कुज तिथून सुरू होते.

नुसती लाल माती दोन-तीन महिन्यांत विटेसारखी आवळते, मुळांना हवा मिळत नाही. डब्याने मोजून २ भाग माती, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग गांडूळखत घ्या. १० इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट भिजवून पहिलं पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात. कुंडीच्या भोकांवर खापराचा एकेक तुकडा ठेवला की झालं. तळाला खडीचा जाड थर कशाला? पाणी त्यामुळे लवकर निघत नाही, उलट खडीच्या वरच्या मातीतच थबकतं. वर एक इंच जागा मोकळी सोडा.

नर्सरीच्या पिशवीतलं रोप बरेचदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो तसाच पुरला तर भोवतालची माती भिजते आणि गोळा कोरडाच राहतो. पिशवी कापून गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा, बाहेरची सुटी झालेली माती हलक्या हाताने काढा, मग लावा. पहिला आठवडा सावलीत.

पाणी घड्याळाप्रमाणे नको. बोटाची दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच, तळातून निथळेपर्यंत घाला. एप्रिल-मेमध्ये हे रोज करावं लागेल, जानेवारीत दोन-तीन दिवसांनी. ओलं असताना झाड मलूल दिसलं तर अजून पाणी घालू नका, मुळं कुजत असतील. जून ते सप्टेंबर कुंडीखालच्या ताटल्या काढूनच टाका. पाणी साचलं की डासांच्या अळ्या होतात. ताटल्यांशिवाय खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळेल, तेव्हा कुंड्या कठड्याच्या आत घ्या. भिजलेली १२ इंची कुंडी सहज १५ किलोच्या वर जाते; ग्रिलवर तसाही तिचा भार नको.

खत महिन्यातून एकदा, मूठभर गांडूळखत. जास्त घातलं तर पानं माजतात, कळ्या धरत नाहीत.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. मग ५ मिली कडुनिंबाच्या तेलात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घोटून त्यात एक लिटर पाणी घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दर ७ दिवसांनी, तीन वेळा. मुंग्या दिसत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच ही कीड जपतात.

मोगरा टाकू नका. सर्वांत उजेडाच्या कोपऱ्यात ठेवा, जानेवारीअखेर एक तृतीयांश छाटा, पानं ओरबाडा आणि आठवडाभर पाणी अगदी कमी करा. नवी फूट आली की कळ्या तिच्याच टोकाला येतात.

गुलाब पुन्हा आणायचाच असेल तर नोव्हेंबरात आणा, गावठी गुलाबीच घ्या. कलमी घेतलात तर कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा आणि त्याखालून, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्यातून, फुटणारी फांदी लगेच काढा. ती वाढली तर रोप जगेल, पण तुम्ही विकत घेतलेला गुलाब नसेल.