दाढेत पू झालाय, डेंटिस्ट सोमवारी भेटणार, तोपर्यंत काय करू?

तुम्ही लिहिलंय की सिडकोत राहता, खालची दाढ कालपासून ठणकतेय, हिरडीवर पुवाची पुळी आलीय आणि डॉक्टर थेट सोमवारी. मी नाशिकरोडला मेडिकल चालवतो. गाल धरून दुकानात येणारं गिऱ्हाईक शनिवार-रविवारी हमखास असतं, म्हणून सांगतो.

गोळी कळ असह्य झाल्यावर घेऊ नका, वेळेवर घ्या. आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर दातदुखीवर चांगलं चालतं. आयब्युप्रोफेन जेवणानंतर, आठ-आठ तासांनी, दिवसात तीनच. कॉम्बिफ्लाम घेत असाल तर पाकिटाच्या मागे वाचा: तिच्यात आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आधीच आहे. लोक तिच्यावर डोलो ६५० (तीही पॅरासिटामॉलच), वर घरात पडलेली डायक्लोफिनॅक (आयब्युप्रोफेनच्याच जातीची गोळी) घेतात आणि पोट धरून परत येतात. पॅरासिटामॉल सगळं धरून दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवा. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डेंग्यूची शंका असेल तर मुळीच नको.

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर थेंबभर, तेही किडक्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर भाजतं. गालाला बाहेरून शेक देऊ नका, आजी कितीही सांगो. फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून दोन उशा घ्या. पुळी सुईने फोडू नका. तंबाखू, मिश्री दाबून ठेवणं तर नकोच.

"अँटिबायोटिकचा कोर्स द्या" हे मला रोज ऐकावं लागतं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, आणि दिला तरी दाढेच्या आतली घाण त्याने निघत नाही. ती रूट कॅनल करून किंवा दाढ काढूनच जाते. दुखणं अचानक थांबलं तरी सोमवार टाळू नका. नस मेली की कळ जाते, पू तिथेच राहतो.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेत उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास जड झाला किंवा थंडी वाजून ताप आला, तर सोमवारची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिव्हिलचा अपघात विभाग गाठा.

एरवी रविवारी सकाळी दवाखाना उघडणारे दंतवैद्य सापडतात, आधी फोन करून बघा. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीत हिरे दंत महाविद्यालय आहे, सोमवारी लवकर जाऊन केसपेपर काढा. जाताना घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि शेवटची कधी घेतली ते सांगा.