फराळाला या, केव्हाही

प्रिय मनू,

तू विचारलंस, "लॅबमधल्या सगळ्यांना दिवाळीला घरी बोलवायचंय. पण आई, फराळाला बोलवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? जेवण ठेवायचं का? किती वाजताची वेळ द्यायची? कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही?" मला इतका आनंद झाला की बाबांना तो मेसेज लगेच वाचून दाखवला. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून निवांत लिहितेय.

जेवण ठेवू नकोस, हे सगळ्यात आधी. तुमच्या जर्मनीतल्या लॅबचं गेल्या डिसेंबरातलं जेवण आठव. हॉटेलात कितीतरी आधी टेबल राखून ठेवलेलं, कोण मांसाहारी आणि कोण शाकाहारी हे आधी कळवायचं, ठरल्या वेळेला सगळे हजर, आणि फक्त कामावरचीच माणसं. कोणाचा नवरा, बायको, पोरं नाहीत. वर्षभर शेजारी बसून काम करणारी माणसं एक संध्याकाळ सैलावून बसतात, मग ख्रिसमसच्या बाजारात थंडीत उभं राहून गरम वाइन पितात. चांगली पद्धत आहे ती, मला मनापासून आवडते. पण तिला यादी लागते, ताटं मोजावी लागतात. फराळाला यादी नसते. आणि का नसते, याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे.

असं बघ. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळी, सुक्या खोबऱ्याची करंजी, लाडू, अनारसे. यातलं काहीही पाहुणा आल्यावर करायला घ्यायचं नसतं. पोहे कडक भाजून घेतलेले असतात, खोबऱ्याचे काप, मिरच्या, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तेलात परतलेले असतात, बेसन तुपावर भाजलेलं असतं. ओलावा कुठे राहू द्यायचा नाही. तो राहिला नाही की पदार्थ पंधरा-पंधरा दिवस टिकतो. वसुबारसेपर्यंत डबे भरले की घरची बाई मोकळी झाली. मग नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यापासून दारात कोणीही, कितीही वाजता उभं राहिलं तरी डब्याचं झाकण काढायचं, बशी भरायची, चहा टाकायचा. तीन माणसं आली काय आणि तेरा आली काय, कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आलेल्यालाही संकोच नसतो, कारण त्याच्यासाठी कोणी चुलीपाशी उभं राहिलेलं नसतं. तो अर्धा तास बसतो, दिवाळी अंक चाळतो, दोन घास खातो आणि पुढच्या घरी जातो. एका सकाळी चार घरं सहज होतात.

गोव्यात आणि तळकोकणात याची आणखी एक तऱ्हा आहे. तिथे नरक चतुर्दशीला मान पोह्यांचा. दुधातले पोहे, ताकातले पोहे, गूळ आणि नारळाच्या रसातले पोहे. ते काही डब्यात भरून ठेवता येत नाहीत, त्याच सकाळी खाऊन संपवायचे. पण तिथेही लोक एकमेकांकडे पोहे खायला जातातच. नरकासुर जाळून रात्रभर जागलेली पोरं आंघोळ करून घरोघर फिरतात.

आता कोणाला बोलवायचं हा प्रश्न. यासाठी तुला आबांची, माझ्या वडिलांची, गोष्ट सांगायला हवी, कारण मी हे त्यांच्याकडूनच शिकले. आम्ही टेलिफोन खात्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. एकाच आवारात लाइनमनपासून इंजिनियर साहेबांपर्यंत सगळ्यांची बिऱ्हाडं. पाडव्याच्या सकाळी आबा आम्हा भावंडांना घेऊन निघायचे आणि त्यांचा क्रम ठरलेला असे. पहिलं घर त्या वर्षी ज्यांच्याकडे कोणी वारलं असेल त्यांचं. आपल्याकडे अशा घरात त्या दिवाळीला कढई चढवत नाहीत, तळण करत नाहीत. शेजारपाजारचे आणि नातेवाईक त्यांना फराळ नेऊन देतात. आजी तो डबा सगळ्यांच्या आधी, पहिल्या घाण्यातून भरायची. आबा तिथे फार बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. आम्हालाही सांगून ठेवलेलं असे, इथे खायला मागायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत.

दुसरं घर लाइनमनकाकांचं, आणि तिथे आम्ही धावतच जायचो. काकूंच्या अनारशांसाठी. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून सावलीत जेमतेम सुकवायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे, गूळ घालून मळलेला गोळा डब्यात मुरत ठेवायचा. अनारसा खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं. तूप जरा जास्त तापलं तर जाळी पडत नाही, जरा कमी तापलं तर अनारसा कढईतच विरघळतो, म्हणजे 'हसतो'. काकूंचा एकही हसायचा नाही. साहेबांच्या पत्नी एक वर्ष त्यांच्याकडे येऊन, जमिनीवर बसून, अनारसे शिकून गेल्या. आणि ऑफिसात ज्यांच्यासमोर काका उभ्याने बोलायचे ते साहेब पाडव्याला काकांच्या दोन खोल्यांत लोखंडी खाटेवर बसून बशी संपवायचे. आम्ही मुलं हे बघत मोठी झालो. साहेबांकडे आम्ही सगळ्यात शेवटी जायचो.

सगळ्या वसाहतींत, सगळ्या घरांत असंच होतं असं मी तुला सांगणार नाही. जात बघून, हुद्दा बघून बशी पुढे करणारी घरं होती, अजूनही आहेत. काही जणांना दारातूनच पुडी दिली जायची. आबांना याची चीड होती आणि मलाही आहे. म्हणून तू विचारलंस, कोणाला बोलवायचं, तर माझं उत्तर एकच आहे: सगळ्यांना. तुमच्या प्रोफेसर बाईंना, तुझ्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्यांना, यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना, ऑफिसातल्या सेक्रेटरींना, आणि संध्याकाळी लॅब पुसायला येणाऱ्या त्या बाईंनासुद्धा, ज्यांच्याकडून तू तुर्की शब्द शिकतेस. ईमेल पाठव, पण त्यावर थांबू नकोस. प्रत्येकाकडे जाऊन तोंडाने सांग. डिसेंबरातल्या जेवणाला त्या बाई नसतात, त्यांची कंपनी वेगळी, हे मला माहीत आहे. फराळाला कंपनी बघत नाहीत.

आणि तुमच्यातल्या ज्या मुलाचे वडील उन्हाळ्यात गेले, त्याला आग्रह करू नकोस. आला तर उत्तम. नाही आला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर डबा नेऊन ठेव आणि दोन मिनिटं थांब. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल.

आता वेळ. यंदा, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी. ही फारच सोयीची गोष्ट. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा असं लिही, आणि स्पष्ट लिही की जेवण नाही, चहा आणि फराळ आहे, केव्हाही या, घरच्या माणसांना, मुलांना घेऊन या. तिथे लोक विचारतील, नक्की किती वाजता येऊ? सांग, तुमच्या सोयीने. दुकानं रविवारी बंद, तेव्हा दूध शनिवारीच भरपूर आणून ठेव. पाच वाजताच अंधार पडतो, म्हणजे जे दुपारी येतील त्यांनाही थोडं थांबलं की पणत्या बघायला मिळतील. फटाके नकोत, जर्मनीत ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवायला परवानगी आहे, आणि मला त्याचं दुःखही नाही.

तू म्हणाली होतीस की पहाटे काहीच नसतं म्हणून दिवाळी दिवाळी वाटत नाही. खरं आहे ते. तुझी मावसभावंडं डोंबिवलीत नरक चतुर्दशीच्या पहाटे नवे कपडे घालून फडके रोडवर जातात. गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि मग त्या गर्दीत शाळेतले, कॉलेजातले, जुन्या नोकरीतले सगळे भेटत राहतात. पुण्यात पाडव्याला पहाटे सारसबागेत दिवे लावायला तशीच गर्दी होते. पण त्या पहाटेनंतरही सगळे जातात कुठे, तर कोणाच्या तरी घरी फराळाला. तुझ्याकडे पहाट नसली तर संध्याकाळ आहे. शेवटपर्यंत थांबलेले जे असतील त्यांना घेऊन पायी डोमच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकापर्यंत जाऊन या. सणाला माणसांबरोबर घराबाहेर पडावं, मग ते कुठलंही शहर असो.

तिथल्या लोकांना हे फार परकं वाटेल अशी भीती मनात ठेवू नकोस. आडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसआधीचे चार आठवडे, लागायच्या सुमारास घरोघरी प्लेट्सखन भाजून पत्र्याच्या डब्यात भरतात, ती बिस्किटं आठवडे टिकतात, आणि कोणी आलं की ताटली समोर येते. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी दर वर्षी आणून देतात तेच. तू एवढंच सांग की आमचं हे तसंच आहे, फक्त तिखटही असतं. लगेच कळेल त्यांना.

आग्रहाबद्दल मात्र जपून. आपल्याकडे पाहुणा म्हणतो, आत्ताच एका घरी खाऊन आलो, आणि यजमान म्हणतो, अर्धा तरी लाडू घ्या. तिथे नको म्हणजे नकोच असतं. एकदा विचार, हसून सोडून दे. बशीत सगळं थोडं थोडं वाढ, एक चकली, अर्धा लाडू, मूठभर चिवडा, म्हणजे न आवडलेलं टाकताना कोणाला अवघडायला होणार नाही. लाडवात तूप असतं हे व्हीगन मंडळींना सांग; चिवडा तेलातला, तो त्यांना चालेल. आणि हे नीट लक्षात ठेव: तुमच्यात एकीला ग्लूटेन चालत नाही ना? चकलीच्या भाजणीत गहू नसतो, पण बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चकलीत मी हिंग घालणार नाही; चिवड्यासाठी तू डबीवर वाचून बघ, नाहीतर हिंग घालूच नकोस. शंकरपाळी तिच्या बशीत नको, आणि तिचा चमचा वेगळा ठेव. शेंगदाणे, काजू कशात आहेत तेही कागदावर लिहून डब्यांपाशी ठेव.

करायचं काय? तीनच गोष्टी कर, सगळं करायला जाऊ नकोस. चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू. पातळ पोहे ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेव, मधून मधून हलव, हाताने चुरले की कुस्करले गेले पाहिजेत. आच जास्त झाली तर ते आक्रसतात. बेसन इंडियन दुकानातलं जाडसर, लाडवाचं आण. सुपरमार्केटमधलं बारीक असतं, त्याचा लाडू टाळूला चिकटतो. दोन वाट्या बेसनाला पाऊण वाटी तूप, आणि गॅस मंद. अर्धा तास तरी लागतो, तेवढा दे. आधी पीठ जड होतं, घट्ट गोळा होतो, हात दुखतो, आणि नेमकं तेव्हाच झालं असं वाटून लोक गॅस बंद करतात. तू थांबू नकोस. पुढे ते आपोआप सैल पडतं, तूप सुटतं, रंग बदलतो आणि शेजारची मुलं दार वाजवतील असा वास येतो. मग दुधाचा एक हबका मार, पीठ फुलून रवाळ होतं. ते दूध पूर्ण आटेपर्यंत परत. दीड वाटी पिठीसाखर कोमट झाल्यावरच घाल. गरमात घातलीस तर पाक होईल.

चकल्या मी करून पोस्टाने पाठवते. तुमच्या सामाईक स्वयंपाकघरात तळणाच्या धुराने गजर वाजत बसायला नको. पोचल्या की लगेच खोक्यातून काढून हवाबंद डब्यात भर, नाहीतर मऊ पडतील. जाताना प्रत्येकाला थोडा फराळ बांधून दे, पण कागदी पिशवीत. स्टीलचा डबा दिलास तर तो परत करायचं ओझं त्यांच्या डोक्यावर राहतं. कोणी फुलं आणली, प्रिंटेन बिस्किटांचं पाकीट आणलं, तर आनंदाने घे.

लाडू वळायला घेशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, बाबांनाही बघायचंय. आणि एकूण किती माणसांना सांगितलंस ते मला आजच कळव, म्हणजे भाजणी किती दळून आणायची ते ठरवता येईल.

तुझी,
आई